हंगाम शांत जाणार असा अंदाज असेल, तर टॅम्पा बेजवळच्या घराचा पूरविमा यंदा सोडावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, टॅम्पा बेच्या परिसरात स्वतःचं घर आहे. हरिकेनच्या, म्हणजे अटलांटिकमधल्या तीव्र चक्रीवादळांच्या, हंगामाचा अंदाज 'सरासरीपेक्षा कमी' असा आला, तर त्या वर्षी पूरविम्याचं नूतनीकरण टाळावं का? खिडक्यांच्या शटरचं काम पुढच्या वर्षावर ढकलावं का? आणि मुळात या अंदाजांवर किती विसंबायचं?

पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे. हंगामाचे अंदाज वाईट असतात म्हणून नाही. ते बऱ्यापैकी चांगले असतात. पण ते सबंध अटलांटिक महासागर, कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोचं आखात मिळून किती वादळं होतील एवढंच सांगतात. तुमच्या घराचा धोका ठरतो तो एका वादळाच्या वाटेवरून, त्या वादळाच्या आकारावरून आणि तुमची जमीन भरतीच्या रेषेपेक्षा किती फूट उंच आहे यावरून. यातलं काहीही हंगामी आकड्यात नसतं.

आधी हा आकडा नेमका काय असतो ते पाहू. अटलांटिकचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या सुमारास येतो. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी आहे नाव मिळालेली १४ वादळं, त्यांपैकी ७ हरिकेन आणि त्यांतली ३ मोठी, म्हणजे वाऱ्याच्या जोरावरून ठरणाऱ्या १ ते ५ श्रेणीत कॅटेगरी ३ किंवा वरची. अमेरिकेची सरकारी हवामानसंस्था नोआ आपला अंदाज मेच्या अखेरीस देते आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, कळस येण्यापूर्वी, तो सुधारते. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचा अंदाज एप्रिलमध्येच येतो. विल्यम ग्रे यांनी १९८४ मध्ये ही परंपरा सुरू केली. नोआ एक आकडा न देता पल्ला देते आणि त्या पल्ल्याला ७० टक्के खात्री जोडते. म्हणजे दहापैकी तीन वर्षं प्रत्यक्ष संख्या पल्ल्याबाहेर जाणार हे त्यांनी आधीच सांगितलेलं असतं. बातमीच्या मथळ्यात हे वाक्य कधीच येत नाही.

अंदाज मुख्यतः दोन गोष्टींवर उभा असतो. एक, प्रशांत महासागरात एल निनो (विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा गरम) आहे की ला निना (नेहमीपेक्षा थंड). एल निनोच्या वर्षी कॅरिबियनवर आणि उष्णकटिबंधीय अटलांटिकवर वरच्या थरातले वारे आणि खालचे वारे यांच्यातला फरक वाढतो. यालाच विंड शिअर म्हणतात. शिअर जास्त असलं की वादळाचा उभा गाभा तिरका होतो, वरची उष्णता बाजूला वाहून जाते आणि वादळ बाळसं धरत नाही. ला निनात उलट. दोन, आफ्रिका आणि कॅरिबियनमधल्या पट्ट्यातलं पाण्याचं तापमान. वादळाला साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वरचं पाणी लागतं, आणि तेही नुसतं पृष्ठभागावर पुरत नाही, खोलवर हवं. याखेरीज पश्चिम आफ्रिकेवरून येणाऱ्या हवेच्या लाटा, सहाराची कोरडी धूळ, असे इतर घटक असतात. पण त्यांचं भाकीत महिनोन्‌महिने आधी करणं फार अवघड आहे.

एप्रिलच्या अंदाजाची अडचण इथेच आहे. वसंत ऋतूत प्रशांत महासागर एका अवस्थेतून दुसरीत जात असतो आणि एल निनोचं भाकीत वर्षात सर्वांत कच्चं याच काळात असतं. म्हणून एप्रिलच्या आकड्यापेक्षा ऑगस्टचा आकडा कितीतरी भरवशाचा. पण ऑगस्टमध्ये पूरविमा काढायला निघालात तर तो सप्टेंबरमध्ये लागू होतो. हा पेच पुढे येईलच.

दोन्ही घटक एकमेकांविरुद्ध ओढू लागले की काय होतं हे २०२३ मध्ये दिसलं. एल निनो जोरात होता, म्हणजे नेहमीच्या हिशेबाने हंगाम शांत जायला हवा होता. पण अटलांटिकचं पाणी विक्रमी तापलं होतं. नावं मिळालेली वादळं झाली २०, आणि ३० ऑगस्टला इडालिया हे हरिकेन कॅटेगरी ३ च्या जोराने फ्लोरिडाच्या बिग बेंड भागात, म्हणजे टॅम्पा बेच्या उत्तरेला किनारा वळतो तिथे, शिरलं. २०२४ मध्ये नोआचा मेमधला पल्ला होता १७ ते २५ वादळं, ८ ते १३ हरिकेन, ४ ते ७ मोठी. प्रत्यक्षात १८, ११ आणि ५. अंदाज बरोबर. तरीही ऑगस्टच्या उत्तरार्धात, ऐन मोसमात, समुद्र जवळजवळ गप्प होता आणि 'यंदाचा अंदाज फसला' अशी चर्चा सुरू झाली. त्यानंतर सप्टेंबरच्या अखेरीस हेलेन आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिल्टन आलं.

आता संख्या आणि किनाऱ्यावरचं नुकसान यांचा संबंध बघा. १९८३ मध्ये अटलांटिकमध्ये फक्त ४ नामांकित वादळं झाली. त्यांतलं अलिशिया कॅटेगरी ३ च्या ताकदीने टेक्सासात गॅल्व्हेस्टनजवळ धडकलं. १९९२ हे तर शांत वर्षाचं नमुनेदार उदाहरण: हंगामातलं पहिलं नामांकित वादळ ऑगस्टच्या मध्यावर जन्मलं. त्याचं नाव अँड्र्यू, आणि २४ ऑगस्टला कॅटेगरी ५ चं हे हरिकेन दक्षिण फ्लोरिडातली होमस्टेडची वस्ती उद्ध्वस्त करून गेलं. उलट २०१० मध्ये १९ वादळं आणि १२ हरिकेन झाली आणि अमेरिकेच्या भूमीवर एकही हरिकेन आलं नाही. २०२५ मध्येही अमेरिकेच्या किनाऱ्यावर एकही हरिकेन धडकलं नाही. जमैकाला मात्र २८ ऑक्टोबरला कॅटेगरी ५ च्या मेलिसाने झोडपलं. वादळ कुठे वळेल हे त्या आठवड्यातला बर्म्युडाजवळचा उच्च दाबाचा पट्टा आणि अमेरिकेवरून सरकणारी कमी दाबाची द्रोणी ठरवतात. आठवड्याची ही हवा मे महिन्यात कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणूनच नोआ आपला हंगामी अंदाज किनाऱ्यावर धडकण्याचा अंदाज नाही असं स्पष्ट लिहिते.

कोलोरॅडोचा गट धडकण्याची शक्यताही देतो, आणि ती वाचायला शिकलात तर अंदाजाची खरी किंमत कळते. अमेरिकेच्या संपूर्ण मुख्य किनाऱ्यावर कुठे ना कुठे मोठं हरिकेन धडकण्याची दीर्घकालीन सरासरी शक्यता ४३ टक्के. २०२४ च्या एप्रिलमध्ये, अत्यंत सक्रिय हंगाम अपेक्षित असताना, हा आकडा ६२ टक्के होता. म्हणजे साधारण दीडपट. आता हे एका काउंटीवर, म्हणजे जिल्ह्यावर, उतरवा. समजा तुमच्या भागाला एरवी वर्षाला शंभरात दोन अशी शक्यता असेल, तर भयंकर म्हणून गाजलेल्या वर्षी ती तीन होते आणि शांत वर्षी सव्वा-दीडवर येते. शंभरात तीनवर ज्याला विमा हवा, त्याला शंभरात दीडवरही हवाच. कारण जाणार आहे ते सबंध घर. हा फरक पुनर्विमा कंपन्यांना (विमा कंपन्यांचा विमा उतरवणाऱ्यांना), वीज कंपन्यांना, मदतसामग्रीची गोदामं भरणाऱ्यांना महत्त्वाचा आहे, कारण त्यांची जबाबदारी हजारो मैल किनाऱ्यावर पसरलेली असते. एका घराच्या मालकाने हंगामी अंदाजाचा उपयोग कॅलेंडर म्हणून करावा: मेमधल्या बातम्या आल्या की कामं उरकायची.

आता धोक्याकडे. बहुतेकांच्या मनात हरिकेन म्हणजे वारा, कारण कॅटेगरी वाऱ्यावरून ठरते. सॅफिर-सिम्पसन श्रेणी फक्त कमाल स्थिर वारा मोजते: कॅटेगरी १ ताशी ७४ मैलांपासून, ३ ही १११ पासून, ५ ही १५७ पासून. समुद्र किती चढेल, पाऊस किती पडेल, यातलं काहीही तिच्यात नाही. अमेरिकेत १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अटलांटिक वादळांमुळे थेट झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ९० टक्के मृत्यू पाण्यामुळे झाले आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा समुद्राच्या वादळी उधाणाचा होता. नंतरच्या दशकात पावसाच्या पुराचा वाटा पुढे गेला. हेलेनने २०० हून अधिक बळी घेतले, त्यांतले बरेचसे किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात, पुराने आणि दरडींनी.

वादळी उधाण म्हणजे नुसती उंच लाट नाही. वारा तासन्‌तास पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतो आणि समुद्राची पातळीच वर चढते. कमी दाबामुळे पाणी फुगतं हे खरं, पण त्याचा वाटा छोटा: दाब एक मिलिबार घटला तर पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं. दाब ७० मिलिबारने कमी असला तरी सव्वादोन-अडीच फूट. बाकी सगळं वाऱ्याचं काम, आणि वारा पाणी किती चढवू शकेल हे खोलीवर अवलंबून. खोल समुद्रात ढकललेलं पाणी खालून परत वाहून जातं. उथळ समुद्रात त्याला परतायला जागा नसते, ते साचत जातं. फ्लोरिडाच्या पश्चिमेकडे समुद्रतळ मैलोन्‌मैल उथळ आहे. मायामीसमोर तो झपकन खोल जातो. म्हणून त्याच ताकदीचं वादळ मायामीपेक्षा टॅम्पा बे किंवा बिग बेंडमध्ये कितीतरी जास्त पाणी चढवतं. मायामीची दुखणी वेगळी: तिथला चुनखडीचा खडक सच्छिद्र, पाणी खालूनच वर येतं आणि पावसाचं पाणी मुरायला जागा उरत नाही.

दुसरा घटक वादळाचा आकार. २००४ चं चार्ली कॅटेगरी ४ होतं पण आटोपशीर. उधाण सहा-सात फुटांचं. २००८ चं आइक कॅटेगरी २ होतं पण अवाढव्य पसरलेलं. गॅल्व्हेस्टनशेजारच्या बोलिव्हर पट्टीवर पाणी १५ ते २० फूट चढलं. कटरिना किनाऱ्याला लागलं तेव्हा कॅटेगरी ३ होतं आणि मिसिसिपीच्या किनाऱ्यावर जवळजवळ २८ फूट पाणी आलं. 'कॅटेगरी २ च तर आहे' म्हणून घरी थांबलेली माणसं बुडतात ती याच कारणाने.

तिसरा घटक बाजू. उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, त्यामुळे त्याच्या पुढे जाण्याच्या दिशेच्या उजव्या अंगाला वारा पाणी आत लोटतो आणि डाव्या अंगाला बाहेर ओढतो. टॅम्पा बेने २०२४ च्या दोन आठवड्यांत याची दोन्ही टोकं पाहिली. २६ सप्टेंबरला हेलेनचं केंद्र समुद्रातच, शंभर मैलांहून अधिक दूरवरून उत्तरेकडे गेलं. टॅम्पा बे उजव्या अंगाला. वादळ रुंद होतं, आणि एवढ्या अंतरावरूनही सहा फुटांहून अधिक उधाण आलं. त्या भागातल्या भरतीमापकांवर विक्रम नोंदले गेले. ९ ऑक्टोबरला मिल्टन थेट टॅम्पा बेकडे निघालं होतं. १० ते १५ फूट उधाणाचा इशारा होता. शेवटच्या टप्प्यात केंद्र थोडं दक्षिणेला, सॅरसोटाजवळ सिएस्टा की इथे लागलं. टॅम्पा बे डाव्या अंगाला आली आणि खाडीतलं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं, तळ उघडा पडला. टॅम्पा बेच्या काठावरच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये १८ इंचांहून जास्त पाऊस झाला तो वेगळाच. टॅम्पा बे आणि सिएस्टा की यांतलं अंतर नकाशावर बोटाच्या रुंदीएवढंही नसतं. त्या रात्री जे वाचलं त्यावरून 'इशारा उगाच होता' असा निष्कर्ष काढणं घातक आहे. टॅम्पा बेवर मोठं हरिकेन थेट येऊन आदळलं ते १९२१ मध्ये, आणि तेव्हा पाणी दहा-अकरा फूट चढलं होतं. त्या वेळी किनाऱ्यावर आजच्या तुलनेत घरंच नव्हती.

तुमच्या घरापुरतं हे सगळं दोन नकाशांत येतं, आणि लोक हे दोन नकाशे हमखास एकमेकांत मिसळतात. एक आहे स्थलांतराचा झोन: ए, बी, सी अशी अक्षरं, काउंटीने ठरवलेली, उधाणाच्या संगणकी प्रारूपावर आधारलेली. ए म्हणजे सर्वांत आधी बाहेर पडायचं. दुसरा आहे फेमाचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा, पूरनकाशा: व्हीई आणि एई जास्त धोक्याचे, एक्स कमी. हा विम्यासाठी आणि बांधकाम परवान्यासाठी आहे आणि वर्षाला एक टक्का शक्यतेच्या पुरावर बेतलेला आहे. एखादं घर विम्याच्या दृष्टीने एक्स झोनमध्ये, म्हणजे कमी धोक्याचं, आणि तरीही स्थलांतराच्या बी झोनमध्ये असू शकतं. 'आम्ही एक्समध्ये आहोत, आम्हाला निघायची गरज नाही' हे वाक्य या गोंधळातून येतं. आजच काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून दोन्ही अक्षरं कागदावर लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट उंची. घराचं एलिव्हेशन सर्टिफिकेट असेल तर त्यावर तळमजल्याची उंची दिलेली असते. नसेल तर परवानाधारक सर्व्हेयरकडून करून घ्या. नॅशनल हरिकेन सेंटर जेव्हा '६ ते १० फूट' उधाण सांगतं, तेव्हा ती उंची नेहमीच्या मोठ्या भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या जमिनीपासूनची असते आणि किनाऱ्याला लागून असलेल्या भागाची असते. तुमची जमीन त्या रेषेपेक्षा चार फूट उंच असेल तर अंगणात ढोबळमानाने दोन ते सहा फूट पाणी धरा. उसळणाऱ्या लाटा त्याच्यावर वेगळ्या. वादळ जवळ येताना हरिकेन सेंटर उधाणाचा नकाशाही प्रसिद्ध करतं. तो मधला अंदाज नसून वाजवी वाईट स्थिती दाखवतो, म्हणजे पाणी त्याहून जास्त चढण्याची शक्यता दहात एक. निर्णय याच नकाशावर घ्यायचा.

त्यानंतर येतो शंकू, म्हणजे वादळाच्या वाटेचा तो रुंदावत जाणारा पांढरा पट्टा. त्याचा अर्थ एवढाच, की गेल्या पाच वर्षांतल्या अंदाजांच्या चुका बघता वादळाचं केंद्र साधारण तीनपैकी दोन वेळा या पट्ट्यात राहील. तीनात एकदा बाहेर. आणि हे फक्त केंद्राबद्दल आहे. वारा, पाऊस, उधाण यांचा पट्टा शंकूच्या कितीही बाहेर जाऊ शकतो, हेलेनने टॅम्पा बेत केलं तसं. शंकूची अर्धी रुंदी २४ तासांच्या अंदाजाला सुमारे ४० नॉटिकल मैल असते, ७२ तासांना सुमारे १००, पाच दिवसांना २०० हून अधिक.

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर वाटेच्या अंदाजातली ही चूक आणखी महाग पडते, आणि कारण भूमितीचं आहे. क्युबाकडून उत्तरेला येणारी वादळं या किनाऱ्याला जवळजवळ समांतर धावतात. सरळ किनाऱ्यावर आदळणाऱ्या वादळाची वाट दहा अंशांनी सरकली तर आदळण्याची जागा थोडी हलते. समांतर धावणाऱ्याचं तसं नाही. तेवढ्याच कोनाने ते पन्नास-शंभर मैल आधी किनाऱ्याला लागतं. चार्लीचा रोख टॅम्पाकडे होता, ते दक्षिणेला वळून कायो कोस्टा बेटावर लागलं. २०२२ मध्ये इयनबाबतही सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष टॅम्पावर होतं आणि २८ सप्टेंबरला कॅटेगरी ४ चं ते वादळ त्याच कायो कोस्टावर आलं. फोर्ट मायर्स बीचवर १० ते १५ फूट पाणी. तिथल्या ली काउंटीने सक्तीचा स्थलांतराचा आदेश आदल्या दिवशी सकाळी काढला, आणि फ्लोरिडात सर्वाधिक मृत्यू तिथेच झाले. शंकूची मधली रेषा बघून ठरवायचं नाही, हे त्या किनाऱ्याला फार मोठी किंमत मोजून कळलं.

वेळेचं गणित असं. हरिकेन सेंटरची पत्रकं दर सहा तासांनी, पूर्व किनाऱ्याच्या उन्हाळी वेळेनुसार ५ आणि ११ वाजता निघतात. किनाऱ्यावर इशारा लागू झाला की मधल्या २ आणि ८ लाही. 'वॉच' म्हणजे ४८ तासांत धोका शक्य, 'वॉर्निंग' म्हणजे ३६ तासांत अपेक्षित. पण हे तास वादळ धडकण्यापर्यंतचे नाहीत, ताशी ३९ मैलांचा वारा सुरू होण्यापर्यंतचे आहेत. तो वारा आला की बाहेरची कामं संपली. पूलही सुमारे ४० मैलांच्या स्थिर वाऱ्याला बंद होतात, आणि टॅम्पा बेलगतच्या पिनेलास काउंटीतून बाहेर पडण्याचे बहुतेक मुख्य रस्ते पुलांवरूनच जातात. म्हणून हरिकेन सेंटरच्या संकेतस्थळावरचा 'वारा लवकरात लवकर कधी पोहोचेल' हा नकाशा पाहा आणि त्या वेळेच्या किमान बारा तास आधी घर सोडलेलं असेल असं ठरवा. कॅटेगरी वाढण्याची वाट बघत बसू नका. मिल्टन ५ ऑक्टोबरला जन्मलं, ७ ला कॅटेगरी ५ होतं आणि ९ च्या रात्री किनाऱ्यावर. २०१८ चं मायकल तीन दिवसांत कॅटेगरी ५ होऊन मेक्सिको बीचवर आलं. चोवीस तासांत वारा ताशी ३५ मैलांनी वाढणं, याचं भाकीत आजही सर्वांत कच्चं आहे.

फार दूर पळायची गरज नसते. फ्लोरिडातल्या आपत्कालीन यंत्रणा सांगतात: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. झोन ए मधल्या माणसाला बहुतेक वेळा वीस-तीस मैल आत, उंच जागेवरच्या, २००२ नंतरच्या बांधकाम नियमांनुसार बांधलेल्या नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या घरी जाणं पुरतं. जॉर्जियाच्या दिशेने तीनशे मैल महामार्गावर अडकण्यात अर्थ नाही. हे घर जूनमध्येच ठरवून, त्या माणसाशी बोलून ठेवा. मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरात, राहणाऱ्यांनी मात्र झोन कोणताही असो, निघायचंच.

आता विमा. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, आणि समुद्राचं उधाण विम्याच्या भाषेत पूरच आहे. सरकारी पूरविमा घराला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानाला १,००,००० डॉलर देतो; सामानाचा भाग वेगळा मागावा लागतो, आपोआप मिळत नाही. दुसरीकडे राहण्याचा खर्च त्यात नाही. नवी पॉलिसी लागू व्हायला ३० दिवस लागतात, आणि वादळ जन्मल्यापासून धडकेपर्यंत कधीकधी चारच दिवस. मे महिन्यात काढलेली पॉलिसी हंगामात धरते. ऑगस्टमध्ये सुधारित अंदाज पाहून काढलेली कळसाला जेमतेम गाठते. आणि एक वर्ष खंड पाडायचं आणखी एक नुकसान: राहत्या घराच्या हप्त्यातली वाढ कायद्याने साधारण वर्षाला १८ टक्क्यांपर्यंत रोखलेली असते. सवलतीच्या टप्प्यावर असलेली पॉलिसी सोडलीत तर परत येताना पूर्ण दराने यावं लागू शकतं. 'एक वर्ष वाचवू' हा हिशेब तिथेच कोलमडतो.

वाऱ्याच्या विम्यात हरिकेनची वजावट वेगळी आणि टक्क्यांत असते, नुकसानीच्या नव्हे तर विमा रकमेच्या. ४,००,००० डॉलरच्या घराला २ टक्के म्हणजे पहिले ८,००० डॉलर तुमचे. ५ टक्के असेल तर २०,०००. पॉलिसीच्या पहिल्या पानावर हा आकडा शोधा आणि तेवढी रोकड हाताशी आहे का बघा. वादळ जवळ आलं की विमा कंपन्या नवी पॉलिसी देणं आणि असलेली वाढवणं थांबवतात. आणखी एक नियम घर घेताना कोणी सांगत नाही: पूरक्षेत्रातल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारभावाच्या (जमीन वगळून) ५० टक्के झाला, तर ते घर आजच्या नियमांनुसार, म्हणजे बहुधा उंच उचलून, बांधावं लागतं. जुन्या, जमिनीलगतच्या घरांना हा नियम सर्वांत जास्त लागतो. पूरविम्यात यासाठी ३०,००० डॉलरपर्यंतची वेगळी तरतूद आहे, पण घर उचलण्याचा खर्च त्यात क्वचितच भागतो.

शटरचं काम पुढे ढकलू नका, पण त्याहीआधी गॅरेजचं दार बघा. हा घरातला सर्वांत मोठा आणि सर्वांत दुबळा पडदा. तो आत दबला की वारा घरात शिरतो, छताला खालून उचलतो, आणि वरून ओढणारा वारा उरलेलं काम करतो. दारावर वाऱ्याच्या दाबाचं रेटिंग लिहिलेलं स्टिकर नसेल तर दार बदला किंवा उभ्या पट्ट्यांनी बळकट करा. छताच्या कैच्या भिंतीला नुसत्या खिळ्यांनी जोडलेल्या आहेत की धातूच्या पट्ट्यांनी, हे माळ्यावर चढून दिसतं. शटर नसतील तर किमान ५/८ इंच जाडीचं प्लायवूड आधीच मापात कापून, भोकं पाडून, कुठल्या खिडकीचं ते लिहून ठेवा. विटेच्या भिंतीत अँकर आधी बसवलेले हवेत. वादळाच्या आदल्या दिवशी भिंतीला ड्रिल करायला घेतलं की काम अर्धवट राहतं. काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारण्याचा काहीही उपयोग नाही. काच फुटतेच, फक्त तुकडे मोठे होतात. दाब समान राहावा म्हणून खिडकी उघडी ठेवणं तर थेट छताच्या मुळावर येतं.

इलेक्ट्रिक गाडी खाऱ्या पाण्यात बुडू देऊ नका. मिठाच्या पाण्याने बॅटरीत शॉर्ट होऊन दिवसांनंतरही आग लागू शकते. इयन आणि हेलेननंतर अशा आगी लागल्या. गाडी उंच जागी हलवा, आणि बुडालीच तर घरापासून ५० फूट दूर ठेवा. जनरेटर घराबाहेर, दार-खिडकीपासून किमान २० फुटांवर, धुराची दिशा घराच्या उलट. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवणं पुरत नाही. २०२० च्या लॉरा वादळानंतर लुइझियानात कित्येक माणसं वाऱ्यापाण्याने नाही, जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने गेली. पिण्याचं पाणी माणशी रोज एक गॅलन, सात दिवसांचं.

निघण्यापूर्वी प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, व्हिडिओ काढा आणि तो फोनबाहेर कुठेतरी साठवा. परत आल्यावर भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो टेपमाप धरून काढा, घराच्या आतून आणि बाहेरून. वारा आणि पूर यांचे दावे वेगळे, तपासनीसही बहुधा वेगळे, आणि दोघेही नुकसान दुसऱ्याच्या खात्यात टाकायला बघतात. रेषेच्या वरचं नुकसान वाऱ्याचं हे दाखवायला हेच फोटो लागतात. भिजलेली जिप्सम शीट आणि गालिचा २४ ते ४८ तासांत काढायला घ्या, नाहीतर बुरशी लागते. त्यासाठी तपासनीसाची वाट बघू नका, पण प्रत्येक प्रकारच्या गालिच्याचा एक तुकडा आणि उपकरणांचे मॉडेल क्रमांक जपून ठेवा. पूरविम्यात नुकसानीचं सही केलेलं निवेदन ६० दिवसांत द्यावं लागतं. मोठ्या आपत्तीनंतर ही मुदत बऱ्याचदा वाढवतात, पण वाढेल असं धरून चालू नका.